बंद गिरण्या, फाउंड्र्या, गुऱ्हाळं फिल्मवर टिपताना : कोल्हापूर परिसर

करवती_छप्पर

कोल्हापुरात आणि आसपास बंद पडलेल्या कामाच्या जागा तीन तऱ्हेच्या आहेत. एक, कापडाच्या गिरण्या आणि सूतगिरण्या. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेली आणि २००३ मध्ये बंद झालेली कोटीतीर्थाजवळची शाहू मिल सगळ्यांना माहीत आहे. इचलकरंजीकडे यंत्रमागाच्या शेड आहेत. दोन, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या थंड पडलेल्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप. तीन, नदीकाठच्या गावांतली पडकी गुऱ्हाळघरं. तिन्हीकडचा उजेड वेगळा, धूळ वेगळी आणि धोकेही वेगळे. फिल्मवर काम करणाऱ्यांना लागणारी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा.

सुरुवात छपरापासून करतो, कारण आतला सगळा उजेड छपरातून येतो. गिरणीच्या करवती छपराला एका अंगाला पत्रा किंवा कौलं आणि दुसऱ्या अंगाला काच असते. काच उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे साच्यावर (कापडाच्या मागावर) ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड मिळतो. पुस्तकात हे एवढंच सांगितलेलं असतं. पण ती पुस्तकं थंड देशांच्या हिशेबानं लिहिलेली असतात. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, २१ जूनला जवळजवळ ७ अंश. त्या काळात 'उत्तरेच्या' काचेतून थेट ऊन आत येतं आणि जमिनीवर पांढरे चट्टे पडतात. काच उभी नसून कललेली असेल तर हे चट्टे मेच्या आधीच दिसायला लागतात. शिवाय मार्च अखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतंच.

थोडक्यात, सलग मऊ उजेड हवा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी १० ते दुपारी ३. नाहीतर ढगाळ दिवस. पत्रे फुटलेले असतील तर कोणत्याही महिन्यात ढगाळच बरं.

परवानगी, धूळ, मोजमाप आणि उन्हाळ्यात रोल धुणं (डेव्हलप करणं) यांवर जाणकारांनी भर घालावी.

सायझिंगखातं

परवानगीबद्दल आधी लिहितो, कारण त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

'बंद' म्हणजे 'बेवारस' नव्हे. कुठल्याही बंद शेडला मालक असतोच. तो कोण हे फाटकावरच्या कागदावरून कळतं. बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली असेल तर अर्ज बँकेच्या वसुली विभागाकडे. सहकारी संस्था अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) असेल तर अवसायकाकडे. कंपनी न्यायालयामार्फत गुंडाळली जात असेल तर अधिकृत अवसायकाकडे. एमआयडीसीचा भूखंड असेल तर भूखंडधारकाकडे, आणि त्याचं नाव शेजारच्या चालू कारखान्यात विचारलं तर दहा मिनिटांत मिळतं. सरकारी जागा असेल तर संबंधित कार्यालयात लेखी अर्ज, पोच घेऊन.

अर्जात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात : किती माणसं, कोणती तारीख आणि वेळ, कोणत्या इमारती, फोटो कशासाठी आणि 'आतली कोणतीही वस्तू हलवणार किंवा नेणार नाही, दुखापतीची जबाबदारी आमची'. हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. बंद कारखान्यांतून भंगार, तांब्याच्या तारा आणि मोटारी चोरीला जातात, त्यामुळे रखवालदाराच्या नजरेत पिशवी घेऊन आलेला माणूस म्हणजे आधी भंगारचोरच. पत्राच्या दोन प्रती, आधार कार्ड आणि उघडून दाखवता येईल अशी बॅग न्यावी. स्क्रू ड्रायव्हर, पाना, पक्कड बॅगेत नकोच.

परवानगीशिवाय घुसणं हा गुन्हेगारी अतिक्रमणाचा प्रकार ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे.

आणि एक. रखवालदाराला सोबत घेऊनच आत फिरा. कोणता जिना कुजलाय आणि कुठल्या खड्ड्यावर नुसता पत्रा टाकलाय हे त्यालाच ठाऊक असतं.

मोल्डिंगबॉक्स

सायझिंगखातं यांना पूर्ण अनुमोदन. फाउंड्रीपुरतं सांगतो.

फाउंड्रीची धूळ साधी धूळ नाही. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. वापरून वापरून तिचे कण फुटतात आणि जो भुगा होतो तो फुप्फुसात खोल जातो. सिलिकोसिस त्यानंच होतो. रुमालाचा काही उपयोग नाही. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसणारा हवा. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. सँड प्लांटजवळ आणि शॉट ब्लास्टिंगच्या खोलीत पाय आपटत चालू नये.

बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं पांढरं, पेंड्यासारखं सुटलेलं आवरण जुन्या गिरण्यांत बहुतेक ॲस्बेस्टॉसचं असतं. त्याला हात लावायचा नाही, त्याच्याखाली ट्रायपॉड मांडायचा नाही. ते गळून जमिनीवर पडलेलं असेल तर ती खोली सोडून द्यायची. तिथं एन-९५ पुरत नाही.

खड्डे : कुपोला भट्टीच्या पायाशी, मोठ्या कास्टिंगसाठी जमिनीत केलेल्या मोल्डिंग पिटमध्ये आणि गिरणीत जमिनीखालच्या हवेच्या भुयारांवर. वर वाळू किंवा चिपाड साचून ते सपाट दिसतात. काठीनं ठोकत पुढं जा.

बंद टाकी, बॉयलर, मळीची टाकी यांत डोकंही घालू नका. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन संपतो, आणि मळीच्या टाकीत विषारी वायू साठतात. वास येत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असं नाही. एक जण पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उघड्या किंवा जखमी पायानं चालू नका, उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. गमबूट घाला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. पत्र्यांच्या ढिगाखाली घोणस असते, चिमणीत आणि उंच तुळयांवर आग्या मोहोळ. साप चावला तर चिरणं, बांधणं, चोखणं काही नको. चावलेला अवयव हलू न देता थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठायचं.

पाऊण_स्टॉप

आता मोजमाप. या विषयात फुकट गेलेल्या रोलांपैकी बहुतेक इथेच गेलेले असतात.

बंद शेडमध्ये मीटर सरासरी काढतो आणि ती सरासरी खिडकी बिघडवते. म्हणून कॅमेऱ्याचा मीटर यंत्राच्या सावलीच्या अंगाला अगदी जवळ नेऊन वाचायचा, खिडकी चौकटीत न घेता. समजा आयएसओ ४०० ला (फिल्मचा वेग) एफ ११ वर (लेन्सचं छिद्र) त्या सावलीचं वाचन ८ सेकंद आलं. मीटर त्या काळ्या अंगाला मधला राखाडी करायला बघतोय. आपल्याला ते काळंच, पण तपशील असलेलं हवंय. म्हणून दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) : २ सेकंद. हे झालं सावलीचं एक्सपोजर.

मग खिडकीचं वाचन घ्या. ते १/६० आलं तर दोन्हींत जवळजवळ ९ स्टॉपचं अंतर आहे. २ सेकंद दिल्यावर खिडकी मधल्या राखाडीच्या ७ स्टॉप वर जाते. नेहमीच्या धुण्यात कागदावर पोत साधारण ३ स्टॉप वरपर्यंत दिसतो. म्हणजे ४ स्टॉप जास्त. धुणं कमी करून त्यातला एक, फार तर दोन परत मिळतात. उरलेल्यांचं उत्तर रसायनात नाही, कॅमेरा कुठं उभा करता यात आहे.

दुसरी गोष्ट, लांब एक्सपोजरला फिल्म सुस्तावते. इल्फर्डच्या फिल्मसाठी हिशेब सोपा आहे : १ सेकंदापेक्षा जास्त वेळ असेल तर मोजलेल्या वेळेचा ठरावीक घात. एचपी५ प्लसला तो १.३१, एफपी४ प्लस आणि डेल्टा १०० ला १.२६. दर वेळी गणित करत बसू नये, कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवा :

एचपी५ प्लस : २ चे २.५, ४ चे ६, ८ चे १५, १५ चे ३५, ३० चे ८६, ६० चे २१३ सेकंद.
एफपी४ प्लस : ४ चे ६, ८ चे १४, १५ चे ३०, ३० चे ७३, ६० चे १७४ सेकंद.

कोडॅक ट्राय-एक्स जास्त मागते : १० सेकंदांचे ५०. फोमापॅन १०० तर १० चे ८० मागते, त्यामुळे ती स्वस्त असली तरी अंधाऱ्या शेडसाठी महाग पडते. फुजीची ॲक्रॉस १२० सेकंदांपर्यंत काहीच मागत नाही, मिळाली तर जपून ठेवा.

यातला न दिसणारा भाग असा की सुस्ती सावलीत जास्त आणि उजेडात कमी असते. वेळ वाढवून सावली भरली की खिडकी आणखी जळते. म्हणजे लांब एक्सपोजर कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवतं. म्हणून ५ ते १० सेकंदांच्या पुढं गेलात की धुण्याचा वेळ १० ते २० टक्के कमी करा.

नवा_रोल

फार उपयोगी. एक विचारायचं होतं. खिडक्या जळू नयेत म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलं तर? बाहेरचा उजेड कमी झाला की दोन्ही जवळ येतील ना? आणि ट्रायपॉड नसेल तर एचपी५ १६०० ला ओढून (१६०० ची समजून काढून, मग जास्त धुऊन) चालेल का? कॅमेरा पेंटॅक्स के१००० आहे.

पाऊण_स्टॉप

दोन्ही प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारे आहेत.

संध्याकाळचा सल्ला घरांसाठी आणि चालू कारखान्यांसाठी खरा आहे, कारण आत दिवे असतात. बंद शेडमध्ये स्वतःचा उजेडच नाही. आत जे काही दिसतं ते बाहेरूनच आलेलं. बाहेर निम्मं झालं की आतही निम्मं होतं. अंतर तेवढंच राहतं, फक्त तुमचे ८ सेकंद ६० होतात आणि वर सांगितलेली सुस्ती पदरात पडते. संध्याकाळी एवढाच फायदा की खिडकीबाहेरची उन्हातली भिंत विझते.

खरे उपाय असे. खिडकीला पाठ किंवा खांदा देऊन उभे राहा, म्हणजे तीच खिडकी तुमचा दिवा होते. खिडकी हवीच असेल तर तिच्यातून आकाश न दिसता झाड किंवा सावलीतली भिंत दिसेल अशी जागा शोधा. अर्धा मीटर बाजूला सरकून दोन स्टॉप मिळतात. खांब किंवा यंत्राच्या चौकटीआड खिडकी लपवा. आणि दिवसाची निवड करताना हे दोन त्रास वेगळे ओळखा : जमिनीवर उन्हाचे चट्टे असतील तर ढगाळ दिवस उपाय आहे. खिडकीतून आकाश दिसत असेल तर ढग उपाय नाहीत, ढगाळ आकाश स्वतःच पांढरं आणि तेजस्वी असतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर फ्लॅश. शटर बी वर उघडं ठेवून (बटण दाबलेलं असेपर्यंत ते बंद होत नाही) हातातला फ्लॅश बाजूनं, यंत्राआडून मारायचा. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद, आयएसओ १०० ला) २८ चा साधा फ्लॅश आयएसओ ४०० ला ५६ होतो. एफ ११ वर ५ मीटरपर्यंत एक चमक पुरते, १० मीटरला चार. सावली अर्धवटच भरा, पूर्ण भरली की शेड दुकानासारखी दिसते.

ओढण्याबद्दल : १६०० ला ओढल्यानं सावलीत नवीन काही येत नाही. जिथं उजेड पोचलाच नाही तिथं जास्त धुऊन काय निघणार? वाढतो तो खिडकीचा दाटपणा. आपल्याला जे नको तेच. चालत्या माणसांसाठी ओढा, उभ्या यंत्रांसाठी ट्रायपॉड. हलका का असेना, पण हवाच.

के१००० या कामाला चांगला आहे, शटर बॅटरीशिवाय चालतं. त्याला सेल्फ टायमर नाही आणि आरसा वर अडकवता येत नाही, म्हणून शटर दाबायची कुलूपवाली केबल घ्या. लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून शटर बी वर उघडा, दोन सेकंद हादरा शांत होऊ द्या, पुठ्ठा बाजूला करून मोजा, पुन्हा पुठ्ठा धरा आणि मग शटर बंद करा. २ सेकंदांपुढच्या एक्सपोजरला यापेक्षा खात्रीचं काही नाही. लेन्सवर टोपण नसेल तेव्हा त्याचा मीटर चालूच राहतो, बॅटरी संपते.

लेथवरचा

कॅमेऱ्याच्या तब्येतीवर थोडं.

जुन्या एसएलआरच्या (आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या) मागच्या दाराच्या खाचेतला फोम कुजून डांबरासारखा होतो. लांब एक्सपोजरला आणि उघड्या उन्हात फिरताना तिथून उजेड शिरतो, बिजागरीच्या बाजूला नारिंगी किंवा काळपट पट्टा येतो. स्पिरिट आणि दातकोरणीनं खाच साफ करून १.५ मिलिमीटरचा काळा फोम किंवा काळी लोकर बसवायची. शटरच्या पडद्यावर कचरा पडू देऊ नका.

याशिका मॅट १२४जी सारख्यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. त्यात १.५ चा सेल टाकला तर मीटर जास्त उजेड दाखवतो आणि फिल्म उपाशी राहते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रिंग घालून बसवा, १.४ व्होल्ट देतो. अशा टीएलआरला (दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला) आरशाचा हादरा नाही, त्यामुळे शेडमध्ये तो कॅमेरा फार सुखाचा.

ट्रायपॉडचा स्क्रू म्हणजे पाव इंच, इंचाला २० आटे. मोठा असतो तो तीन-अष्टमांश, १६ आटे. हरवलेली प्लेट परदेशातून मागवण्याची गरज नाही, नमुना घेऊन उद्यमनगरात कुठल्याही लेथवर गेलात तर ॲल्युमिनियममध्ये करून मिळते. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ मध्ये याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे. त्या गावात प्लेटसाठी अडायचं कारण नाही.

राखेत किंवा वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात, ३० सेकंदांत चित्र हलायला तेवढं पुरे. पायाखाली फरशीचे तीन तुकडे ठेवा. लाकडी माळ्यावर एक्सपोजर चालू असताना कुणीही पाऊल उचलायचं नाही.

फिल्म बदलताना : फाउंड्रीतली धूळ काचेसारखी कापते. एक कण प्रेशर प्लेटवर बसला की ३६ फ्रेमवर आडवी सलग रेघ. रोल आत बदलू नका. बाहेर, वाऱ्याला पाठ करून, बॅगेच्या आत हात घालून बदला. आधी ब्लोअर, मग ब्रश. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. १२० चा (रुंद, कागदाच्या पाठीचा) रोल काढताना सैल गुंडाळला गेला तर कडेनं उजेड खातो, लगेच बोटानं आवळून कागदी पट्टी चिकटवा आणि काळ्या डबीत टाका.

हायपोताई

रोल धुण्याबद्दल. सगळे तक्ते २० अंशांचे आहेत आणि आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या आसपास असतं. बर्फ घालून २० पर्यंत ओढत बसू नका. डेव्हलपर २० ला आणि धुवायचं पाणी ३० ला असं झालं की फिल्मच्या थराला धक्का बसतो, दाणा गोळा होतो. २४ अंश ठरवा आणि सगळी द्रावणं, धुवायचं पाणीसुद्धा, त्याच्या दोन अंशांच्या आत ठेवा.

उन्हाळ्यात माठातलं पाणी यासाठी उत्तम, हवा कोरडी असल्यानं माठ चांगला गार करतो. जून-जुलैत तोच माठ काही करत नाही, कारण हवेतच ओल असते. पण तेव्हा नळाचं पाणीही आपसूक २४-२५ ला आलेलं असतं.

एचपी५ प्लस, डी-७६ डेव्हलपर : २० अंशांला मूळ द्रावणात साडेसात मिनिटं, १+१ (समभाग पाणी) मध्ये ११. २४ अंशांला यांचे अनुक्रमे सव्वापाच आणि साडेसात होतात. सव्वापाच म्हणजे काठावर. ५ मिनिटांखाली गेलं की ओतताना-काढतानाचा फरकही फिल्मवर पट्ट्यासारखा दिसतो. म्हणून आपल्याकडं १+१ च. ते एकदाच वापरून टाकायचं, आणि एका रोलमागं जमेल तर ५०० मिली घ्यायचं. पाऊण_स्टॉप यांनी सांगितलेला एक स्टॉप परत हवा असेल तर साडेसातचे सव्वासहा करा, पण त्यासाठी फोटो काढतानाच आयएसओ ४०० ऐवजी २०० किंवा २५० धरलेला हवा. आधी उपाशी ठेवलेली फिल्म कमी धुतली तर हाती काचेसारखी कोरी फिल्मच येईल.

पाकिटं मिळत नसतील तर डी-२३ हा डेव्हलपर घरी करता येतो. दोनच पदार्थ : मेटॉल ७.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, एकूण १ लिटर. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतात. सल्फाइटच मागा, सल्फेट आणि सल्फाइड ही वेगळी रसायनं आहेत, बाटलीवरचं नाव वाचून घ्या. साधारण ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळतच नाही, तळाला बसतं. हातमोजे घाला, मेटॉलनं अनेकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येतं. डी-२३ चा स्वभाव मऊ आहे, खिडक्या सांभाळतो. वेळ डी-७६ पेक्षा जरा जास्त लागतो, पहिला रोल कसोटीचा धरा.

स्टॉप बाथ : बाजारातलं ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात, अर्धा मिनिट. फिक्सर : रोलच्या जिभेचा तुकडा उजेडात त्यात टाका, दुधाळपणा जाऊन पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ ठेवा. दर वेळी हे करा. जुना फिक्सर रंगावरून ओळखता येत नाही. मग टँक भरून ५ वेळा उलटा, पाणी बदला, १० वेळा, बदला, २० वेळा. नळ सोडून ठेवायची गरज नाही.

शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. आटल्यावर क्षारांचे जे ठिपके राहतात ते पुसून जात नाहीत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, ५०० मिलीत फोटो-फ्लोचे (पाणी थेंब न धरता ओघळावं म्हणून) अडीच मिली. जास्त घातलं तर चिकट डाग पडतात. रोल बाथरूममध्ये वाळवा, आधी गरम पाणी सोडून वाफेनं धूळ बसवून घ्या. पंखा बंद.

करवती_छप्पर

हायपोताई, सावली-खिडकीतल्या एवढ्या अंतरासाठी दोन भांड्यांचं डेव्हलपिंग का सुचवलं नाहीत? डी-२३ मध्ये मुरवून मग बोरॅक्सच्या पाण्यात, म्हणजे खिडकीपुरता डेव्हलपर लवकर संपतो आणि सावलीत काम चालू राहतं. जुन्या पुस्तकांत गिरणीच्या आतल्या फोटोंसाठी हीच रीत दिलेली असते.

हायपोताई

रीत बरोबर आहे, पण ती जाड थराच्या फिल्मच्या काळातली. पहिल्या भांड्यात फिल्म जेवढा डेव्हलपर पिते तेवढाच दुसऱ्यात कामी येतो. आजच्या फिल्मचा थर पातळ, पिणार किती? बरंचसं काम डी-२३ मध्येच उरकतं आणि बोरॅक्सला थोडंच उरतं. फायदा होतो, पण पुस्तकात लिहिलाय तेवढा नाही. त्यापेक्षा पातळ डेव्हलपर आणि कमी हलवणं : पहिलं अर्धं मिनिट सलग, मग दर मिनिटाला दोनच वेळा सावकाश उलटायचं. तीन-तीन मिनिटं न हलवता ठेवणारेही आहेत. त्यात फिल्मच्या कडेच्या छिद्रांखाली पट्टे येण्याचा धोका मोठा, ज्या जागेत पुन्हा जायला मिळणार नाही तिथल्या रोलवर तो घेऊ नये.

करवती_छप्पर

पटलं. ओततानाचे पट्टे दिसणाऱ्या मोठ्या कोऱ्या भिंती गिरणीत भरपूर असतात, तेव्हा सावधपणा बरा.

काहील

गुऱ्हाळांकडं कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. हा विषय आपल्या मातीतला आहे आणि सर्वांत लवकर नाहीसा होतोय. गिरणी पाडायला दहा परवानग्या लागतात. गुऱ्हाळघर एका पावसाळ्यात बसतं, विटा आणि पत्रे निघून जातात आणि वर ऊस लागतो.

बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्यानं १९५९ पासून भट्ट्या, पाण्याचे टॉवर, खाणीचे मनोरे टिपले. एकाच जातीच्या रचना, ढगाळ उजेड, सरळ समोरून, चौकटीत सारख्या आकारात. मग पंधरावीस चित्रं शेजारी लावली की प्रत्येकीचा वेगळेपणा आपोआप बोलतो. करवीर, पन्हाळा, कागल भागातली गुऱ्हाळं या पद्धतीला अगदी योग्य आहेत. प्रत्येकाला चुलवाण आहे, धुराडं आहे, काहिलीची जागा आहे, चरकाचा ओटा आहे, पण मांडणी दर ठिकाणी निराळी.

मालिकेसाठी नियम आधी ठरवा आणि मोडू नका. एकच लेन्स, ३५ मिमी फिल्मवर ५० ची. कॅमेऱ्याची उंची एकच, म्हणजे १.५ मीटर. धुराडं चौकटीच्या उंचीच्या तीन-चतुर्थांश. आकाश ढगाळ. जून ते सप्टेंबर पाऊस उघडलेल्या सकाळी हे सहज मिळतं, शिवाय हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होत असल्यानं चालू गुऱ्हाळांचाही अडथळा नसतो. पण त्याच काळात ऊस पुरुषभर वाढलेला असतो आणि रचना झाकतो. मार्च-एप्रिलमध्ये रान मोकळं असतं, तेव्हा ढग नाहीत. मग सूर्य उगवण्याआधीची वीस मिनिटं धरा.

धुराडं तिरकं पडू नये याची काळजी घ्या. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेघा वर जाऊन मिळतात. कॅमेरा पाणसळीत ठेवा, मागं जा आणि चौकटीचा खालचा भाग नंतर कापा. मालिकेबाहेर, २८ ची लेन्स लावून कॅमेरा उभा धरणं आणि वरचा अर्धाच भाग वापरणं हा गरिबाचा शिफ्ट लेन्स (उभ्या रेघा सरळ ठेवणारी लेन्स) आहे, आणि १२० फिल्मवर रुंद लेन्सनं हेच केलं तर पुरेसं चांगलं निघतं. गिरणीच्या उंच चिमणीला मात्र शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून घ्या, परवानगी तिथलीही मागा.

फिल्टर : गंज आणि वीट तांबूस असतात. नारिंगी फिल्टर लावला तर गंज उजळतो, त्याचा पोत आणि पोपडे दिसतात. साधारण दोन स्टॉप जातात. हिरवा लावला तर गंज काळवंडतो आणि त्यावर चढलेली वेल उजळते. पडक्या यंत्रावर झाडोरा चढलाय हे दाखवायचं असेल तर हिरवा. फिल्टर न लावता दोन्ही एकाच राखाडीत बुडतात, आणि हे पहिल्या दहा रोलांत प्रत्येकाच्या बाबतीत होतं. इल्फर्डची ऑर्थो प्लस लाल रंगाला आंधळी आहे, तिच्यावर गंज जवळजवळ काळा येतो.

नवा_रोल

रंगीत फिल्मवर करायचं असेल तर? आणि फोकस अंधारात दिसत नाही, त्याचं काय?

पाऊण_स्टॉप

रंगीत : पोर्ट्रा ४०० घ्या, एक-दोन स्टॉप जास्त पडला तरी सहन करते. फिकट हिरव्या फायबरच्या पत्र्याखाली सगळं हिरवं येतं आणि सावली-उजेडात ते वेगवेगळं असल्यानं नंतर पूर्ण निघत नाही. अशा शेडमध्ये कृष्णधवलच.

फोकस : जिथं नेमकं हवंय तिथं टॉर्च उभा करून ठेवा, त्याच्या दिव्यावर फोकस करा, टॉर्च काढा. नाहीतर अंतर मोजून लावा. २८ च्या लेन्सला एफ ११ वर २.४ मीटर लावलं की १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं येतं. ३५ ला ३.७ मीटर, तेव्हा १.९ पासून. एफ २२ पर्यंत जाऊ नका, वेळ चौपट होतो आणि चित्र उलट मऊ पडतं.

सायझिंगखातं

एक राहिलंय आणि ते फोटोइतकंच मोलाचं आहे. नोंदी.

एक्सपोजर सगळे लिहितात. यंत्र कोणतं हे कुणी लिहीत नाही. दहा वर्षांनी 'गिरणीतलं यंत्र' एवढंच उरतं. ते कार्डिंग आहे, रिंग फ्रेम आहे, वाइंडिंग आहे की सायझिंग, हे खात्यात काम केलेला माणूसच सांगू शकतो, आणि ती माणसं आता वयस्कर आहेत. म्हणून फ्रेम क्रमांकासमोर लिहायचं : खातं, इमारतीचा कोणता कोपरा, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर ओतलेलं नाव आणि साल. ओतीव अक्षरं दिसत नसतील तर टॉर्च अगदी तिरपा, पृष्ठभागाला चिकटून धरा, अक्षरं उठून येतात. त्या पाटीचा वेगळा एक फ्रेम खर्च करा.

मग काँटॅक्ट प्रिंट काढून गिरणीत काम केलेल्या आजोबांसमोर ठेवा. मोबाइलवर दाखवू नका, कागदावर दाखवा. भिंगानं बघत बसतात आणि बोट ठेवून सांगतात, हा माझा साचा, इथं जॉबरची (मुकादमाची) खुर्ची, भोंगा झाला की या दारानं बाहेर. ते त्यांच्याच शब्दांत प्रिंटच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिहून घ्या. बॉलपेन पुढून उमटतो आणि शाई ओलाव्यात फुटते. नाव लिहायचं की नाही ते त्यांना विचारून.

हायपोताई

निगेटिव्हबद्दल त्यालाच जोडून. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या कालांतरानं चिकटतात. पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात निळं सिलिका जेल घालून ठेवा, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत भाजा. तो तवा पुन्हा स्वयंपाकात वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. लेन्सही त्याच डब्यात. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, आणि निघण्याच्या दोन तास आधी बाहेर काढून डबी न उघडता ठेवायचे, नाहीतर दमट हवेत फिल्मवरच दव धरतं.

नवा_रोल

एवढ्यावर पहिले दोन रोल होतील. गुऱ्हाळापासून सुरू करतो. मार्चमध्ये रान मोकळं झालं की धुराड्यांची जागा आणि तोंडाची दिशा लिहून यादी इथंच टाकतो. सायझिंगखातं, अर्जाचा मसुदा तयार झाला की बघून द्याल का?

सायझिंगखातं

टाका इथंच. शेतमालकाच्या नावानं साधा अर्ज पुरे, पण तारीख आणि वेळ मोकळी सोडू नका.

काहील

यादीत धुराडं गोल की चौकोनी आणि तोंडाशी किती विटांचा घेर आहे तेही लिहा, नवा_रोल. त्यावरूनच पुढं गट पाडता येतील. आणि जिथं चुलवाणात अजून राख आहे तिथं ती उकरू नका, पहिला फ्रेम तसाच घ्या.